सल्ला सदर: जखम कोरडी झाली, मग गोळी बंद करायची का?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे १३ वर्षांपूर्वी त्यांना शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी बसवलं. मागच्या वर्षी बॅटरी संपत आली म्हणून मशीन बदललं. काही महिन्यांनी त्या जागी लाली आली, मग सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं आणि बनियनला पिवळसर डाग लागायला लागले. तपासणीत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू निघाला. रक्तात काही सापडलं नाही. ‘खरं तर मशीन आणि वायरी दोन्ही काढायला हव्यात, पण वायरी जुन्या झाल्यात, किडन्या कमजोर आहेत, झेपणार नाही,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. सासरेही म्हणाले, आता मला टेबलावर घेऊ नका. सहा आठवडे व्हँकोमायसिन शिरेतून दिलं आणि आता डॉक्सिसायक्लिनची गोळी दिवसातून दोनदा, ती कायमची. तीन महिन्यांत जखम कोरडी झाली आहे, ताप नाही, जेवण बरं आहे.

घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, इतकं अँटिबायोटिक शरीर पोखरून टाकेल, आता बंद करा. माझे मिस्टर म्हणतात, डॉक्टरांनी हात टेकले आणि गोळी देऊन आपली समजूत काढली. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असल्यामुळे शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. गोळी चालू ठेवू का? आणि नुसतं मशीन काढून वायरी तशाच राहू दिल्या तर नाही का चालणार?

एक सून

उत्तर

ताई, गोळी चालू ठेवा. जखम कितीही छान दिसत असली तरी घरातल्या घरात ठरवून ती बंद करू नका. तुमच्या मिस्टरांच्या शंकेत मात्र तथ्य आहे. ती बाजूला सारण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी, तिच्याकडे पुढे येतोच.

आधी दीरांचं म्हणणं घेऊ, कारण तसं वाटणं अगदी साहजिक आहे. घसा धरला, पाच दिवसांचा कोर्स केला, बरं वाटलं, संपलं. अँटिबायोटिकचा आपल्या सगळ्यांचा अनुभव हाच असतो. इथे गणित वेगळं आहे. एपिडर्मिडिस हा जंतू तुमच्या-माझ्या कातडीवर कायम असतो आणि एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण मशीनच्या धातूवर आणि वायरींच्या आवरणावर एकदा बसला की तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर चढणारा चिकट थरही याच जातीचा. आतले जंतू जवळजवळ झोपल्यासारखे राहतात, फार हळू वाढतात. आपली बरीचशी अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवर घाव घालतात, त्यामुळे झोपलेल्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मोकळ्या जंतूला मारायला जेवढं औषध पुरतं, त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध या थरातल्या जंतूला लागू शकतं. तेवढं औषध माणसाला देताच येत नाही. शिवाय मशीनला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तिथे धड पोचत नाहीत.

त्या सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांनी आजूबाजूच्या मांसातले जंतू मारले. म्हणूनच पू थांबला आणि छिद्र भरलं. थरातले जंतू मात्र बहुधा अजून तिथेच आहेत. त्यातून सुटून बाहेर पडणाऱ्यांना वाढू न देणं, रक्तात शिरू न देणं, एवढंच काम गोळी रोज करते. गोळी बंद केली तर दुसऱ्या दिवशी काही होणार नाही आणि खरा धोका त्यातच आहे. काही आठवडे सगळं ठीक वाटतं, ‘बघा, मी म्हणत होतो ना’ असं कुणीतरी म्हणतं, आणि मग एक दिवस लाली परत येते. किंवा लाली न येता थेट थंडी वाजून ताप येतो, म्हणजे या वेळी जंतू वायरीवरून रक्तात उतरलेले असतात.

आता मिस्टरांचा प्रश्न. डॉक्टरांनी हात टेकले का?

जंतुसंसर्ग झालेलं मशीन वायरींसकट पूर्ण काढणं हाच यावरचा खरा उपाय. याबाबत हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांमध्ये दुमत नाही. नुसत्या मशीनच्या खिशात, म्हणजे कातडीखाली मशीन ठेवलेल्या जागेत संसर्ग असला, रक्तात जंतू नसले, तरीही. छिद्र पडलं म्हणजे आतलं सगळं दूषित झालं असंच धरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये याबाबत निवेदन काढलं होतं. मशीन काढणं ज्यांना शक्य आहे त्यांना कायमच्या गोळीवर ठेवू नये, असं त्यात बजावलं आहे. ज्यांचं काढता येत नाही, किंवा ज्यांना ते काढून घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी कायमची गोळी हा मान्य मार्ग आहे. त्यालाही अटी आहेत: सुरुवातीच्या इंजेक्शनांनी रुग्ण सुधारलेला हवा, रक्तातले जंतू गेलेले हवेत, हृदयाची स्थिती स्थिर हवी. तुमचे सासरे या अटींत बसतात. काढणं खरोखरच शक्य नसेल, तर ही गोळी म्हणजे रीतसर उपचार आहे, समजूत नव्हे.

पण शक्य नाही हे ठरवलं कुणी?

मी तुमच्या जागी असतो तर हे नक्की विचारलं असतं. जुन्या वायरी काढणं हे वेगळं कौशल्य आहे. वर्ष-दोन वर्षांत वायर शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला घट्ट तंतूंनी धरली जाते. १३ वर्षांत तर ती बऱ्याच ठिकाणी चिकटलेली असणार. तिच्यावरून लेसरची किंवा फिरत्या पात्याची नळी सरकवत तो चिकटा सोडवावा लागतो. भीती असते ती हृदयाकडे येणारी मोठी शीर फाटण्याची. म्हणूनच हृदयाचे सर्जन तिथे सज्ज असतात. जो डॉक्टर उत्तम मशीन बसवतो, तो हे काम करतोच असं नाही, आणि तसा आग्रहही कुणी धरू नये. पण ज्या केंद्रात हे नियमित होतं तिथले आकडे लोकांच्या समजुतीपेक्षा बरे आहेत. युरोपातल्या १९ देशांमधल्या साडेतीन हजारांवर रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या शस्त्रक्रियेमुळे मोठी गुंतागुंत झालेले १.७ टक्के होते आणि त्यातच मृत्यू झालेले ०.५ टक्के. जुन्या वायरी, संसर्ग, किडनीचा आजार असेल तर धोका वाढतो, हे खरं. सासऱ्यांच्या बाबतीत तो या आकड्यांपेक्षा जास्तच असणार. पण केवळ वय झालं म्हणून कुणाला बाद करत नाहीत. ऐंशी ओलांडलेल्यांच्या वायरीही काढल्या जातात.

उलट बाजूही सांगतो. काढायला हवीत पण काढली जात नाहीत, अशी मशीनं फार आहेत. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. बसवलेल्या मशीनला किंवा हृदयाला आतून संसर्ग झालेले हे रुग्ण. त्यांच्यातल्या पाचांपैकी सुमारे चार जणांचं मशीन पहिल्या ३० दिवसांत काढलं गेलंच नव्हतं. ज्यांचं काढलं, त्यातही पहिल्या ६ दिवसांत काढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. निवडलेले रुग्ण मुळातच जरा बरे असणार, हे मान्य. तरीही इतक्या जणांपर्यंत ही शस्त्रक्रिया पोचत नाही, त्यातल्या किती जणांना खरोखर झेपलं नसतं, हा प्रश्न उरतोच.

म्हणून एकदाच, पण नीट, दुसरं मत घ्या. वायरी काढण्याचं काम नेहमी करणाऱ्या तज्ज्ञाकडे फाइल पाठवा. सोबत वायरींची नावं आणि बसवल्याची तारीख असलेलं मशीनचं कार्ड, छातीचा एक्स-रे, इको, कल्चरचे (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) सगळे रिपोर्ट आणि किडनीचे आकडे. सासऱ्यांना ओढत न्यायची गरज सहसा पहिल्या फेरीत नसते. त्या तज्ज्ञानेही नाही म्हटलं तर घरातला तो वाद मिटेल. हो म्हटलं तर निर्णय सासऱ्यांचा.

त्यांचा नकार मी हलक्यात घेत नाही. ७९ वर्षांच्या शहाण्या माणसाला नको म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. पण ते नेमकं कशाला नको म्हणताहेत, हे एकदा विचारा. ‘टेबलावर घेऊ नका’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर छाती फाडून केलेली बायपास असते. वायरी बहुतेक वेळा त्याच जुन्या चिरेतून, शिरेच्या वाटेने काढतात. छाती उघडायची वेळ आली तर तयारी असते, पण तो मूळ बेत नसतो. हे कळल्यावरही ते नको म्हणाले तर विषय संपला, आणि मग त्यांच्यामागे कुणी लागू नये. दीरांनीही नाही.

नुसतं मशीन काढून वायरी ठेवायच्या का, हा तुमचा प्रश्न चांगला आहे, पण उत्तर बहुधा नाही असंच आहे. तो चिकट थर वायरींवरही असतो. मशीन काढून, खिसा धुऊन, वायरी आत ठेवल्या की संसर्ग परत येण्याचं प्रमाण सगळं काढण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. तेच मशीन धुऊन पुसून परत बसवण्याचे प्रयोगही झालेत. त्यांचंही तेच. हा तोडगा कधी काढतात? खिसा सारखा चिघळतोय, वायरी निघणार नाहीत, आणि मशीनशिवाय रुग्णाचं चालू शकतं, अशा वेळी. सासऱ्यांचं मशीन ठोक्यांना आधार देतं की नुसतं पहाऱ्यावर आहे, आजवर त्याने कधी शॉक दिला का, हे मशीन तपासणाऱ्या तंत्रज्ञाला पाच मिनिटांत सांगता येतं. विचारून ठेवा.

आता गोळीकडे, कारण डबा तुमच्याकडे आहे.

डॉक्सिसायक्लिन निवडलं ते विचार करूनच दिसतं. किडनी कमजोर असली तरी त्याचा डोस सहसा बदलावा लागत नाही. पण ही गोळी घ्यायची एक रीत आहे. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची पांढरी औषधं आणि दूध यांच्याशी ती पोटात बांधली जाते आणि रक्तात नीट उतरत नाही. सासऱ्यांना कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ‘सगळ्या गोळ्या एकदम, एका घोटात’ हा ज्येष्ठांचा आवडता शिरस्ता इथे मोडावा लागेल. आणि घोटाचं म्हणाल तर पूर्ण पेलाभर पाणी हवं, बसून, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची गोळी अंथरुणात घोटभर पाण्याबरोबर घेतली की ती अन्ननलिकेत चिकटून बसते, तिथे व्रण होतो, आणि छातीच्या मधोमध अशी आग पडते की हृदयाच्या पेशंटच्या घरात सगळ्यांचा धीर सुटतो. अर्थात त्यांच्या छातीत दुखलं तर ‘गोळीमुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी हृदय तपासून घ्या. रात्रीची गोळी जेवणाबरोबरच द्या. पाण्यावर मर्यादा असेल तर हा पेला दिवसाच्या हिशोबात धरा. उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा बाहेर पडताना पूर्ण बाह्या. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या भांडणांची. तुम्ही बाकीच्या गोळ्यांची यादी दिलेली नाही. पंपिंग कमी असलेल्या माणसाकडे ती लांबलचक असते, असं धरून चालतो. रक्त पातळ करायला वॉरफरिन असेल तर डॉक्सिसायक्लिनने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, वर जाऊ शकतो. सुरुवातीला तो लवकर लवकर तपासावा लागतो. उद्या डॉक्सिसायक्लिन सोसलं नाही आणि बदल करायची वेळ आली तर खरी कसरत असते. कोट्रायमॉक्सॅझोल हा नेहमीचा पर्याय, पण स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, लोसार्टन अशा हृदयाच्या गोळ्यांबरोबर तो रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतो. कमजोर किडनीत तर नक्कीच, आणि पोटॅशियम वाढलं की हृदय अचानक थांबू शकतं. वॉरफरिनबरोबर तो आयएनआर फार वाढवतो. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणि ठोक्यांची लय सांभाळणारं ॲमिओडॅरोन एकत्र आले तर ठोक्यांची लय बिघडू शकते. लिनेझोलिड जंतूवर छान चालतं, पण दोन आठवड्यांच्या पुढे प्लेटलेट उतरतात, महिनोन्‌महिने दिलं तर नसा आणि डोळे धोक्यात येतात. रिफॅम्पिसिन थरातल्या जंतूंपर्यंत पोचतं अशी त्याची ख्याती आहे, पण एकट्याने दिलं तर जंतू चटकन त्याला दाद देईनासे होतात आणि वॉरफरिनचा परिणाम ते पार उतरवून टाकतं.

ही नावं पाठ करू नका. एकच करा: यादीचा कागद डब्यातच ठेवा आणि सर्दी-खोकल्यासाठी असो, दातासाठी असो, नवीन गोळी लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर तो ठेवा. ‘तीच नाही, पण त्यातलंच दुसरं अँटिबायोटिक आहे’ असं औषधांच्या दुकानात कुणी म्हटलं तर घेऊ नका. आणि गोळ्या संपायच्या आधी आठवडाभर नवा साठा आणा. खंड पडतो तो अशाच कारणांनी.

दीरांची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांना जुलाब लागू शकतात, त्यातला एक प्रकार क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे होतो आणि म्हाताऱ्या माणसाला तो जिवावर बेततो. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर घरी जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, डॉक्टरांना कळवा. जंतूही कालांतराने गोळीला सरावू शकतो. म्हणून तर मध्ये मध्ये रक्त तपासायचं: रक्तपेशी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, यकृताचे आकडे, आणि आत दाह आहे का ते दाखवणारी सीआरपी. सुरुवातीला दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, सगळं स्थिर असेल तर साधारण तीन महिन्यांनी. प्रत्येक डॉक्टरचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल, पण वेळापत्रकच नसेल तर मात्र मागून घ्या. ‘कायमची गोळी’ याचा अर्थ चिठ्ठी लिहून विसरून जायची गोळी असा नाही.

यश किती येतं? अभ्यास लहान आहेत, एकेकात काही डझन रुग्ण, तेही बहुतेक वयस्कर आणि आधीच खूप आजारी. काहींचा संसर्ग वर्षानुवर्षं शांत राहतो. काहींचा गोळी चालू असतानाही परततो. बरेच जण संसर्गाने नाही तर मूळच्या हृदयरोगानेच जातात. तुमच्या सासऱ्यांचे पहिले तीन महिने चांगले गेलेत, ही जमेची बाजू.

खिशाची जागा आठवड्यातून एकदा उजेडात बघा. लाली, गरमपणा, फुगवटा, कातडी पातळ होऊन चकाकणं, खपली पडून पुन्हा पुन्हा धरणं, हे दिसलं की त्याच दिवशी फोन. दाबून बघायचं नाही, पावडर-मलम लावायचं नाही, आणि कुणी डॉक्टर सुई घालून पाणी काढू म्हणाले तर आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलायला सांगा. त्या सुईने बाहेरचे जंतू आत जाऊ शकतात. या वयात ताप येईलच असं नाही. अन्न नकोसं होणं, वजन उतरणं, उगाच गळून जाणं, नवीन पाठदुखी हेही इशारेच. ताप आला तर नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर पाठवायला सांगा, दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून घेतलेली. आधी औषध आणि मग कल्चर केलं तर जंतू सापडत नाही, आणि पुढे सगळे अंदाजाने चालतात.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आत्ताच बोलायला हवी. मशीन मागच्याच वर्षी बदललंय म्हणजे बॅटरी काही वर्षं पुरेल. ती संपेल तेव्हा हा संसर्ग दाबलेला खिसा पुन्हा उघडायचा का? संसर्ग परतला तर पुन्हा सलाइनच्या बाटल्या लावायच्या, की नाही? आणि तब्येत फारच खालावली तर शॉक चालू ठेवायचा का? शॉकची ही सोय चिरफाड न करता, बाहेरून यंत्राच्या साह्याने बंद करता येते. ठोक्यांचा आधार तसाच ठेवता येतो. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. पुढच्या भेटीत हे प्रश्न डॉक्टरांसमोर काढा. सासऱ्यांना बाहेर बसवून नाही, त्यांच्या समोर, त्यांनाच विचारत. त्यांची उत्तरं डॉक्टरांना फाइलमध्ये लिहायला सांगा आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा.